फळ्या पाडायच्या आधी साखळीकडे बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

चेनसॉ घेतलास, फळ्या पाडायला चेनसॉ ज्यात अडकवतात ती मिलची फ्रेमही घेतलीस, आणि आता विचारतेस साखळी कुठली लावू. हा प्रश्न सगळ्यात आधीचा होता. असो, बोलून झालं.

ओंडका आडवा तोडताना तंतू छाटतो तो दाताचा बाजूचा कोपरा. वरचं पातं छाटलेलं लाकूड नुसतं उचलून बाहेर काढतं. फळी पाडताना उलटं होतं. साखळी ओंडक्याच्या रुंदीतून धावते आणि मशीन लांबीच्या दिशेने सरकतं, म्हणून प्रत्येक तंतू वरच्या पात्याच्या धारेला तोडावा लागतो. तेही पूर्ण थ्रॉटलवर, कितीतरी मिनिटं सलग. म्हणून ही साखळी वेगळी.

साध्या साखळीत वरच्या पात्याचा कोन २५ ते ३५ अंश असतो, फळ्या पाडायच्या, म्हणजे रिपिंग साखळीत १० च्या आसपास. कोन मोठा असला की डावा दात एकीकडे ओढतो आणि उजवा दुसरीकडे, आणि फळीच्या अंगावर त्याचे ओरखडे उठतात. १० अंशांवर ही ओढ कमी होते, पुढे रंधा कमी मारावा लागतो. ० अंशांचा हट्ट धरणारेही भेटतील; त्यांच्याशी वाद घालू नकोस, १० पुरे. मात्र रिपिंग साखळीने वेग वाढेल या आशेवर राहू नकोस. तिच्यामुळे मिळते ती सफाई. ३० अंशांची साखळी पडून असली तर तीही चालेल. दर वेळी धार लावताना कोन थोडा थोडा कमी करत आण. एका बैठकीत १० वर आणायला गेलीस तर अर्धा दात कानशीच्या चुऱ्यात जाईल.

दुकानात तीन आकडे सांगायचे: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमध्ये पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोज आणि निम्मं कर, तो पिच. १९ मिलिमीटर भरलं तर निम्मं साडेनऊ, म्हणजे ३/८ इंच. गेज म्हणजे बारच्या (साखळी जिच्या कडेने फिरते त्या लांब पट्टीच्या) खाचेत बसणाऱ्या ड्राइव्ह लिंकची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. ड्राइव्ह लिंक हाताने मोज, एकदा नव्हे दोनदा. पिच स्प्रॉकेटशी (इंजिनाकडच्या, साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्राशी) आणि बारच्या नाकावरच्या चक्राशी जुळलाच पाहिजे. "थोडा फरक चालतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस. ३/८ मध्येही दोन प्रकार आहेत. लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची साखळी चीर अरुंद पाडते, लाकूड आणि इंजिनाची ताकद दोन्ही वाचवते, पण ती लहान बारसाठी. मोठ्या इंजिनाच्या जोरापुढे ती लवकर ताणते.

दात सेमी चिझल घे. त्याचा कोपरा गोलसर असतो, म्हणून धार जास्त टिकते. फुल चिझलचा टोकदार कोपरा आडव्या तोडीत वेगवान असतो. मिलमध्ये भार वरच्या पात्यावर येत असल्यामुळे त्याचा फायदा फारसा उरत नाही, आणि सालीतल्या मातीने तो कोपरा आधी मरतो. बार ३० इंचांच्या पुढे गेला आणि इंजिन त्या मानाने लहान असलं, तर स्किप साखळी बघ. तिच्यात दात जवळपास एकतृतीयांशाने कमी असतात, भुश्शाला जागा मिळते आणि इंजिन दमत नाही.

आता धार. इथे घाई करू नकोस.

नवी साखळी पाकिटातून काढलीस की रात्रभर बारच्या तेलात बुडवून ठेव. पहिली पाच मिनिटं बिनभाराची चालव, थंड होऊ दे, मग ताण पुन्हा बघ. पुढे पेट्रोलच्या प्रत्येक टाकीला धार लाव. लाकूड कठीण असलं तर प्रत्येक फळीनंतर. आडव्या तोडीत बारीक पूड पडायला लागली की धार गेली असं म्हणतात, पण मिलमध्ये भुसा चांगल्या साखळीचाही बारीकच पडतो. म्हणून ओळखायचं दुसऱ्या खुणांवरून: ढकलावं लागतंय, चिरीतून धूर येतोय, रवाळ भुश्शाची पिठासारखी पूड झालीय, तेवढ्याच फळीला पेट्रोल जास्त लागतंय. यातलं एकही दिसलं तर थांब.

दात उजेडात धर आणि धारेकडे समोरून बघ. धारेवर केसाएवढी पांढरी चकाकती रेघ दिसली तर ती बोथट झालेली कड. खरी धार उजेड परत फेकत नाही. ती रेघ पूर्ण जाईपर्यंत कानस चालव. वर क्रोमचा पातळ थर असतो. धारेपाशी तो उडालेला असेल तर त्याच्या मागेपर्यंत घासावं लागतं, नाहीतर दहा मिनिटांत परत तेच.

गोल कानस साधारण ३/८ साठी ५.५ मिलिमीटरची (काही कंपन्या ५.२ सांगतात), ३/८ लो प्रोफाइलसाठी ४ ची, ०.३२५ साठी ४.८ ची. कानशीचा पाचवा भाग पात्याच्या वर राहील अशी धर. आतून बाहेर ढकल, परत येताना उचल. पुढेमागे घासलीस तर कानस मरते. प्रत्येक दाताला दोन-तीन फटके, आणि सगळ्यांना तितकेच. आधी सर्वात आखूड दात व्हर्नियरने शोध, बाकीचे त्याच्या लांबीला आण. कटकट वाटेल, पण मिलमध्ये मला धारेपेक्षा दातांच्या सारखेपणाची काळजी जास्त. डावे दात उजव्यांपेक्षा लांब राहिले की चीर त्या बाजूला झुकते. फ्रेम बारला दोन्ही टोकांना धरून ठेवते, म्हणून झुकतो तो मधला भाग, आणि फळी मध्ये जाड नाहीतर पातळ निघते. फ्रेमचे बोल्ट आवळून याला औषध नाही.

ग्राइंडर वापरलास तर दाब हलका ठेव. दात निळा पडला की तिथलं पोलाद बिघडलं. ती जागा कधी कानस घसरण्याइतकी कडक होते, कधी इतकी मऊ की धारच धरत नाही.

दाताच्या पुढची डेप्थ गेजची गाठ (दात लाकडात किती खोल जाईल ते ती ठरवते) दर तिसऱ्या धारेला तपास. ती पात्यापेक्षा सुमारे ०.६५ मिलिमीटर खाली हवी. उंच राहिली तर धार असूनही साखळी नुसती घासत राहते. जास्त खाली गेली तर दात लाकडाला झोंबतो, इंजिन गुदमरतं आणि फळीवर लाटा उठतात. चपट्या कानशीने उतरवून पुढची कड पुन्हा गोल कर. घासून घासून दाताच्या मागच्या तिरक्या खुणेपर्यंत धार आली की साखळी बाद.

साखळी नीट असून चीर भरकटली तर बारची खाच बघ. साखळी हाताने डावी-उजवीकडे डोलवून पाहा; फार कलंडत असेल तर खाच रुंद झालीय. बारच्या कडेवर झिजून बाहेर आलेली धातूची कोर (बर) कानशीने काढ, खाच साफ कर, आणि धार लावताना दर वेळी बार उलटा करून लाव म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. स्प्रॉकेटवर अर्धा मिलिमीटर खड्डा पडला की बदल, जुन्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवू नकोस.

लांब बारला मशीनचं स्वतःचं तेल नाकापर्यंत पुरत नाही. २४ इंचांच्या पुढे नाकाकडून वेगळं तेल सोडायची बाटली लाव. साल आधी काढ, निदान चिखल आणि खडे लागलेली. खिळा असेल असा संशय आला तर धातूशोधक फिरव. पहिल्या चिरीला फ्रेम सरळ सरकायला ओंडक्यावर शिडी किंवा सरळ पट्टी हवीच, पुढच्या चिरी आधीच्या सपाट पृष्ठावर चालतात. चीर दीड-दोन फूट झाली की मागे पाचरी ठोक, म्हणजे फळी मिटून बारला धरणार नाही. टाकी तळाला यायच्या आधीच भर. इंधन संपताना मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि त्याच वेळी इंजिन सर्वात तापलेलं असतं. साखळी तुटली तर सरळ रेषेत उडते, तिच्या ओळीत उभी राहू नकोस. हेल्मेट, कान-संरक्षक आणि धुळीचा मास्क तुझ्याकडे आहेत असं धरून चाललो आहे.

ताण थंड असताना दे: साखळी बारच्या खालच्या कडेला चिकटलेली आणि हाताने सहज ओढली जाणारी. तापल्यावर ती लांबते, मग पुन्हा ओढावी लागते, पण संध्याकाळी काम आटोपल्यावर सैल करायला विसरू नकोस. थंड होताना ती आकसते आणि बेअरिंगवर ओढ येते.

पहिल्या दोन फळ्या निघाल्या की दातांची लांबी मोजून मला पाठव, डावे आणि उजवे वेगळे लिहून.

तुझा,
बाबा