बाटलीत काय होतं, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की आमच्या भागात सायकलवर कॅन लावून सुटं फिनाईल विकणारे दिसू लागतात. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून मिळतं, स्वस्त पडतं. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसतं. गेल्या वर्षी हे आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या जिवावर बेतलं.

जिना नुकताच पुसलेला होता. बंड्या फिरून आला तो ओल्या लादीवरूनच वर आला आणि कोपऱ्यात बसून पंजे चाटत राहिला. कुत्रा पंजे चाटतोच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने तोंडातून लाळेची धार लागली. पोळी हुंगून मागे सरकला. जीभ पाहिली तर लालभडक, कडांना सोललेली. शेजारच्या काकू मायेने मिठाचं पाणी घेऊन आल्या, ओकून टाकेल म्हणून. नशिबाने तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. ते म्हणाले, ओकारी मुळीच काढू नका. जळजळीत पदार्थ गिळताना अन्ननलिका एकदा भाजते, उलटून वर येताना पुन्हा भाजते, शिवाय फुफ्फुसात जाऊ शकतो. मिठाचं पाणी तर स्वतःच घातक, त्याने रक्तातलं सोडियम भयंकर वाढतं. पंजे साध्या साबणाने भरपूर पाण्याखाली धुवा, चाटू देऊ नका आणि बाटली घेऊन लगेच या.

बाटली नेली. त्यांनी विचारलं, काळं फिनाईल होतं की पांढरं? त्यात आणखी काय मिसळलंय? आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

हा प्रश्न साधा नव्हता. काळ्या फिनाईलमध्ये डांबरातून निघणारे फिनॉल, क्रेसॉल असतात. ते पंजांच्या कातडीतूनही शरीरात शिरतात, यकृत आणि मूत्रपिंडांना इजा करतात. पांढऱ्यात बहुतेकदा पाइन तेल असतं. काही जंतुनाशकांतल्या बेंझाल्कोनियम क्लोराइडने तोंडात फोड येतात, तेही कधीकधी काही तासांनी. कशावर लक्ष ठेवायचं हे बाटलीतल्या पदार्थावर ठरतं. मांजरं पाळणाऱ्यांनी तर काळं फिनाईल घरात आणूच नये, मांजरांच्या यकृताला फिनॉल नीट पचवताच येत नाही.

बंड्या तीन दिवस सलाइनवर होता. वाचला.

सोसायट्यांच्या समित्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सीलबंद, घटक छापलेलंच फिनाईल घ्या आणि बाटलीवर सांगितलंय तेवढंच पाण्यात घाला. पुसल्यावर साध्या पाण्याचा एक हात फिरवा, लादी वाळेपर्यंत जिन्यातून प्राण्यांना नेऊ नका. फिनाईल घातलेलं पाणी दुधासारखं दिसतं, भर उन्हात तहानलेला कुत्रा त्या बादलीत तोंड घालतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांना तर बादली उचलून ठेवणारंही कुणी नसतं. संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि कुत्र्याचं नाक तिथेच असतं.

ॲसिड हल्ल्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. बिननावाच्या बाटल्यांतून दारोदार विकल्या जाणाऱ्या फिनाईलकडेही महापालिकेने आता लक्ष द्यावं. तशाच कोल्ड्रिंकच्या बाटल्यांतून लहान मुलं पाणी पितात.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)