तीस काड्या, तीस लाल दोरे

पॅरिसच्या कारागीर बाईंना,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, आणि हे पत्र मात्र मराठीत आहे. फ्रेंच मसुदा तुमच्याकडे वेगळा पोचेल. इथे उघडपणे लिहायचं कारण असं, की तुम्ही जे केलंत ते आपल्याकडे महागडं फर्निचर घेणाऱ्यांना, विकणाऱ्यांना आणि दुरुस्त करणाऱ्यांना कळायला हवं.

काल दुरुस्तीला काढलेल्या टेबलाचा शेवटचा किरण, म्हणजे गोलाच्या मध्यापासून कडेपर्यंत जाणारी काडाची निमुळती फीत, बसला. सकाळच्या उजेडात बाजूनं पाहिलं तेव्हा निळसर राखी गोलावरून चकाकी सलग फिरली, कुठेही अडली नाही. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. हे टेबल लाकडाच्या विनियरचं नाही, काडाचं आहे. राय नावाच्या धान्याचं काड. आपली राई-मोहरी नव्हे, हे गव्हाच्या कुळातलं युरोपी धान्य. उसासारखीच याच्याही ताटाला पेरं असतात. गाठी टाकून मधलं लांब कांडं तेवढं घ्यायचं. ते गरम रंगात तासन् तास बुडवून ठेवायचं, वाळलं की नखानं किंवा पात्यानं उभं चिरायचं, उघडायचं आणि हाडाच्या पट्टीनं आतल्या बाजूनं घासून सपाट करायचं. करंगळीच्या नखाएवढी रुंद फीत मिळते. अशा फिती शेजारीशेजारी, फट न ठेवता, चकाकती बाजू वर ठेवून चिकटवायच्या. वरून पॉलिश नाही, लाख नाही, काही नाही. चमक काडाच्या बाहेरच्या सालीतच असते, कारण तिच्यात सिलिका असते. ती साल गेली की चमक गेली, आणि ती कुठल्याही डब्यातून परत आणता येत नाही.

हे एवढं एक वाक्य आधीच्या दोघा दुरुस्तीवाल्यांना माहीत असतं तर निम्मं नुकसान टळलं असतं.

टेबल खिडकीखाली होतं. पावसाची झड आत आली. काडावर पाणी ठरत नाही, पण दोन काड्यांच्या सांध्यातून ते खाली गोंदापर्यंत जातं. गोंद मऊ झाला, खालचं प्लायवुड कडेला फुगलं आणि तीन पाकळ्यांमधले, म्हणजे गोलाच्या तीन भागांमधले, किरण टोकाला उचलले गेले. त्या क्षणी टेबल कोरड्या, सावलीच्या जागी हलवून आठवडाभर वाळू दिलं असतं आणि मग उचललेल्या टोकांखाली पातळ पात्यानं गोंद सारला असता, तर काम तेवढ्यावर भागलं असतं. त्याऐवजी पहिल्या दुरुस्तीवाल्यानं उचललेल्या काड्या काचकागदानं घासून सपाट केल्या. साल तिथेच संपली. वर मेलामाइन पॉलिशचा फवारा मारला. आत ओल अडकली आणि पंधरा दिवसांत दुधाळ पांढरे डाग उमटले. दुसऱ्यानं सांध्यांमध्ये झटपट चिकटणारा इन्स्टंट ग्लू सोडला. तो काडीच्या आत शोषला जातो, काडी काळपट पडते, काचेसारखी कडक होते आणि पुढे उकलता येत नाही. तिसरीकडे, जिथे अशा वस्तू विकतात तिथे, उत्तर मिळालं की ही ‘कलेक्टिबल’ वस्तू आहे, दुरुस्त होत नसते, वरचा गोल बदलून संगमरवर बसवा. दर सांगताना ज्यांना ‘फ्रेंच हस्तकौशल्य’ हे शब्द दहादा आठवतात, त्यांना दुरुस्तीच्या वेळी त्यातला एकही आठवू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

कारण ही कला जिवंत झाली तीच मुळी दुरुस्तीतून. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात काडाच्या पेट्या, डब्या, आरसे बनत. नेपोलियनच्या काळात इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉसच्या छावणीत फ्रेंच युद्धकैद्यांनी केलेल्या काडाच्या पेट्या आजही संग्रहालयात आहेत. मग 1920-30 च्या दशकांत पॅरिसमध्ये जाँ-मिशेल फ्रँक आणि आंद्रे ग्रूल या सजावटकारांनी हेच गरिबाघरचं काड कपाटांवर, टेबलांवर, भिंतींवर चढवलं आणि ते श्रीमंतांचं झालं. ग्रूलचं पाकटाच्या कातड्यानं मढवलेलं कपाट 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात गाजलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र जवळजवळ विस्मरणात गेलं. त्याच ग्रूलची नात, लिझों द कोन, हिनं जुन्या वस्तू दुरुस्त करता करता ते पुन्हा उभं केलं. शिकवणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. फुटक्या डब्या उकलून, आधीच्या हातांनी काय केलं होतं ते पाहत शिकणं, एवढाच रस्ता होता. 1998 मध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्रालयानं तिला ‘मेत्र दार’ (कलागुरू) हा किताब दिला, आणि त्या किताबाची अट फार सुंदर आहे: आपलं कसब शिष्याला द्यायचं. आज पॅरिसच्या डिझाइन-जत्रांमध्ये काडाची कपाटं दिमाखात उभी असतात, ती या वाटेनं तिथवर आली आहेत. तुम्ही त्या वाटेवरच्या आहात हे मी लिहिल्यावर आलेल्या तुमच्या पहिल्या उत्तरातच कळलं. तुम्ही किंमत विचारली नाहीत, बिल मागितलं नाहीत. एवढंच विचारलंत, की टेबलाखाली पेन्सिलनं लिहिलेला आकडा कोणता आहे.

तो रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या काड्यांचा, आकडा होता. एकाच रंगात बुडवलेल्या काड्यासुद्धा कमीजास्त रंग पितात आणि दर वर्षीचं पीक वेगळं असतं, म्हणून गेलेली छटा पुन्हा हुबेहूब बनत नाही. म्हणून तुम्ही प्रत्येक कामातल्या उरलेल्या काड्या आकडा घालून जपून ठेवता. चार वर्षांपूर्वीच्या त्या काड्या तुमच्याकडे होत्या. पॅरिसहून पुण्याला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती तुम्ही तीस काड्या दिल्यात.

आता त्या दोऱ्यांबद्दल. पन्नास सेंटिमीटर व्यासाचा हा गोल आहे, चोवीस पाकळ्या, पाकळीत आठ किरण, म्हणजे एकशे ब्याण्णव. बाहेरच्या कडेला एक किरण जेमतेम आठ मिलिमीटर रुंद, मध्याशी अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. काडी मुळाकडे रुंद आणि शेंड्याकडे निमुळती असते, म्हणून मुळाची बाजू बाहेर आणि शेंडा मध्याकडेच जायला हवा. उलटी लागली तर बाहेरच्या कडेला माल अपुरा पडतो आणि फट राहते. हा फरक एक-दोन मिलिमीटरचा. सवय नसलेल्या डोळ्याला वाळलेली, रंगवलेली काडी दोन्हीकडून सारखीच दिसते. पाकीट उघडलं, तर पातळ कागदात गुंडाळलेल्या तीसही काड्यांच्या मुळाकडच्या टोकाला लाल दोऱ्याची एकेक सैल गाठ. काडी दबू नये इतकी सैल, निसटू नये इतकी घट्ट. तीस गाठी! सोबत चिठ्ठी नव्हती, आणि तिची गरजही नव्हती.

दूरच्या देशात, तुम्ही कधी न पाहिलेला सुतार काडी हातात घेईल तेव्हा त्याची कुठे चूक होईल, हे तुम्ही आधी ओळखलंत, आणि त्याला कमी न लेखता ती चूक होऊच नये अशी सोय केलीत. आमच्या सुतारकाकांनी गाठ पाहिली, काडी बोटांत फिरवली आणि म्हणाले, “बाईंनी आपली काळजी घेतलीय.” त्यांना एरवी फार बोलायची सवय नाही.

काम तुम्ही व्हिडिओवर सांगितलंत तसंच झालं. खराब तीन पाकळ्या ओल्या फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवत उकलल्या. इन्स्टंट ग्लू होता तिथे मात्र पात्यानं खरवडावं लागलं. फुगलेली कड महिनाभर वाळवून मग सपाट केली. काड्या नव्यानं चिरून, हाडाची पट्टी नव्हती म्हणून गुळगुळीत शिंगाच्या तुकड्यानं दाबून, सुतारकामाच्या साध्या पांढऱ्या गोंदाच्या अगदी पातळ थरावर बसवल्या. गोंद जास्त झाला तर सांध्यातून वर येतो आणि सालीवर वाळला की निघता निघत नाही, म्हणून प्रत्येक किरणानंतर ओलसर कापसानं पुसणं. वर बटर पेपर, त्यावर सपाट फळी आणि वजन, रात्रभर. चोवीस काड्या लागल्या, दोन चिरताना फाटल्या.

नवे किरण जुन्यांपेक्षा किंचित गडद आहेत. ते जुळवायला उन्हात ठेवू नका, असं तुम्ही बजावलंत. उजेडानं रंग उतरायला वेळ लागतो, तो लागू द्या. तसंच करतोय.

इंदूरच्या माणिकबाग राजवाड्याची आठवण यानिमित्तानं आली. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी 1930 च्या सुमारास रुलमान, आयलीन ग्रे, ल कॉर्बुझिए आणि शार्लोत पेरियाँ या पॅरिसच्या डिझायनरांचं फर्निचर मागवलं होतं. 1980 मध्ये मोनॅकोत त्याचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगलं. आपल्या घरात इतकं चांगलं काम आलं होतं आणि राहिलं नाही, ही हळहळ मराठी माणसाला असतेच. त्या वैभवापुढे आमचं टेबल अगदी लहान. पण हे इथेच राहिलं, आणि ते तुमच्यामुळे.

आधीच्या दोघांनी काय केलं ते ऐकून तुम्ही एकही वाईट शब्द काढला नाहीत. “त्यांना कुणी दाखवलं नसेल,” एवढंच म्हणालात. मला अजून ते जमत नाही. पण सुतारकाकांनी त्यातल्या एकाला घरी बोलावून काडी कशी चिरायची ते दाखवलं, हे तुम्हाला कळवायचं होतं. तो दोन तास बसला होता.

टेबल आता खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला आहे. चार काड्या उरल्या आहेत. त्यांचे दोरे सोडलेले नाहीत. पाकिटावर तुमचाच आकडा पेन्सिलनं लिहून ते टेबलाच्या खालच्या बाजूला अडकवून ठेवलं आहे, पुढे कधी कुणी उकलेल त्याच्यासाठी.

तुमची मनापासून आभारी,
पुण्याहून, टेबलाच्या घरची