मंत्रिमहोदय, न पाहिलेल्या हाताखाली सही कशी होते?

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

डाव्या हाताने टाइप करतोय, चुका पोटात घाला. उजव्या हातावर परवा दुसरी शस्त्रक्रिया झाली.

पहिली काचेने कापलेले बोटांचे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) शिवायला. मग ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. (ओटी म्हटलं की घरचे अजून ऑपरेशन थिएटरच समजतात.) शिवलेला टेंडन दुसऱ्या आठवड्याच्या आसपास फार नाजूक असतो, म्हणून हात स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्टीत, ठेवतात, जोर लावू देत नाहीत. हे मला आता कळलं. १२व्या दिवशी एका शिकाऊ मुलाने स्प्लिंट काढला, चेंडू दिला, म्हणाला, "दाबा काका, जोरात." दाबला. तळव्यात टक्कन काहीतरी तुटलं. त्यावर "सूज आहे, उतरेल" म्हणत तीन आठवडे झुलवलं, सर्जनकडे परत पाठवलंच नाही. शेवटी पायातला टेंडन काढून हातात बसवावा लागला. शर्टाची बटणं बायको लावते. बटण स्वतः लावता यावं, यासाठीच ना ही थेरपी?

त्या पोरावर राग नाही. त्याच्याकडे बघायला कुणी नव्हतंच. फायलीत मात्र वरिष्ठ थेरपिस्टची झोकदार सही: 'धोके समजावले, संमती घेतली, उपचार माझ्या देखरेखीखाली.' त्या बाईंचं प्रथम दर्शन मला तक्रार करायला गेलो तेव्हा झालं! काम शिकाऊवर सोपवता येतं, जबाबदारी नाही, एवढं तर त्यांनाही शिकवलं असेल. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक संघटनेची अट आहे, शिकताना किमान १००० तास प्रत्यक्ष काम, तेही देखरेखीखाली. देखरेख म्हणजे शेजारच्या खोलीतला चहा नव्हे. फायलीची प्रत मागितली तर "गोपनीय आहे". माझाच हात, माझ्यापासूनच गोपनीय!

३० दिवसांत उत्तर मिळेल, असं सभागृहात छातीठोकपणे सांगितलंत. आज ७७वा दिवस. आलं काय, तर 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.' चार वेळा.

मागणं फार नाही. नोंदीवर उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक असावा, प्रत रुग्णाला मिळावी, खोट्या सहीची चौकशी व्हावी. ओळखीतल्या दहाजणांना विचारलं, आठांना, की सात असतील, आपल्या थेरपिस्टचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. पण थेरपिस्टना एकट्याला काय बोलायचं? पूल न बघता सही, पेपर न तपासता सही, तक्रार न वाचता सही. सगळा कारभारच सहीवर चाललाय.

आपला,
एक रुग्ण

ता. क. खाली सही नाही. हात बांधलेला आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घेता आली असती, पण तेवढी सवय अजून लागलेली नाही.