मॉरिशसचे चिपाड, आमची पऱ्हाटी

महोदय,
१९६८ साली स्वतंत्र झाला तेव्हा मॉरिशस म्हणजे ऊस आणि ऊसच, जसा आमच्याकडे कापूस. १९७० पासून त्यांनी निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने काढले, जोडीला पर्यटन आणले. (कापूस पिकवणारे आम्ही, शर्ट शिवून विकणारे ते!) पुढे युरोपीय संघाने २००६ ते २००९ दरम्यान मॉरिशसच्या साखरेला तो देत असलेली हमी किंमत ३६ टक्क्यांनी उतरवली. रडत न बसता त्यांनी कारखाने एकत्र केले, कच्चीऐवजी शुद्ध व खास साखर विकायला घेतली. काम सुटलेल्या कामगारांना रोख रकमेसोबत जमिनीचा तुकडाही दिला. उसाच्या चिपाडावर वीज तर ते आधीपासूनच करतात.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मात्र वेचणी संपली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, उपटायची मजुरी द्यायची आणि बांधावर ढीग लावून काडी ओढायची. सरकी, रुईच्या गाठी बाहेर जातात, धूर तेवढा गावात राहतो. सरकारे आली-गेली, भाषण हमीभावापुढे सरकत नाही. तालुक्याला वीज-इंधनासाठी पऱ्हाटी विकत घेणारे एक केंद्र तरी येत्या हंगामाआधी सुरू करा, आणि शेतातून उचलण्याचे भाडे शेतकऱ्याच्या माथी मारू नका.

– एक कापूस उत्पादक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ