कार्डिनल डायस यांची मुत्सद्देगिरी

महोदय,

मुंबईचे माजी आर्चबिशप, कार्डिनल आयव्हन डायस यांची आठवण निघते ती बहुधा येथील कारकिर्दीपुरतीच. त्याआधी तीन दशके त्यांनी व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेत घालवली, हे मराठी वाचकांपर्यंत फारसे पोहोचले नाही, याची मला खंत वाटते. मूळच्या गोव्यातील कुटुंबात १९३६ साली मुंबईत जन्मलेले डायस १९८२ मध्ये आर्चबिशप झाले आणि घाना, टोगो, बेनिन व पुढे दक्षिण कोरियात पोपचे प्रतिनिधी होते.

परंतु खरी कसोटी लागली ती १९९१ नंतर अल्बानियात. ज्या देशाने १९६७ मध्ये धर्माचरणावरच बंदी घातली, श्कोदर येथील कॅथेड्रलचे क्रीडागृह करून टाकले आणि जेथे तुरुंगवास भोगून आलेले मोजके वृद्ध धर्मगुरूच काय ते उरले होते, तेथे चर्चची विस्कटलेली घडी त्यांना जवळजवळ शून्यातून बसवावी लागली. २५ एप्रिल १९९३ रोजी त्याच कॅथेड्रलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चार बिशपांना दीक्षा दिली. त्यांपैकी फ्रानो इलिया यांना पूर्वीच्या राजवटीने एकदा मृत्युदंड ठोठावला होता.

– एक वाचक, वसई