बाबांनी विचारलं, हा रंग खरा आहे का गं?

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, तो सूर्योदयाचा फोटो पाठवलास त्यातला रंग खरा आहे का गं, आणि मी नुसतं हो म्हणून पुढचं बोलायला लागले, ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. म्हणून हे सविस्तर लिहितेय, फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही.

बाबा, तो रंग खरा नव्हता.

तुम्हाला माहितीये, अंजर्ल्याला आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, उगवतो मात्र डोंगरामागून, म्हणजे आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा चांगला वर आलेला असतो. समुद्रातून सूर्य वर येताना मी पहिल्यांदा इथे चेन्नईत आल्यावर बघितला. बेझंट नगरच्या बीचवर एक पांढरं स्मारक आहे, कमानीचं, कार्ल श्मिट नावाच्या डॅनिश खलाशाचं, 1930 साली दुसऱ्यांना बुडताना वाचवायला गेला आणि स्वतः गेला. मी त्याच्या अलीकडे ट्रायपॉड लावते, म्हणजे कमान पुढे आणि मागे समुद्र. सध्या फेब्रुवारीत सूर्योदय साडेसहाच्या आसपास आहे पण मी पावणेसहालाच जाऊन उभी राहते, कारण खरे रंग सूर्य यायच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत असतात, आधी जांभळट, मग गुलाबी, मग क्षितिजाजवळ एक बारीक केशरी रेघ. आणि एकदा कड दिसली की पूर्ण गोळा वर यायला फक्त दोनेक मिनिटं लागतात, त्यात सेटिंग शोधत बसलं की गेलं! बरेचदा तर पाण्यावर धुरकट पट्टा असतो, सूर्य पाण्यातून न येता त्या पट्ट्याच्या वरून एकदम लाल गोळा होऊन निघतो. आई, काळजी करू नकोस, मी सूर्याकडे कॅमेऱ्याच्या भिंगातून बघत नाही, मागच्या स्क्रीनवरच बघते.

सुरुवातीचा एक महिना नुसत्या चुकांत गेला. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की इथल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, फोटो सगळे दुधाळ, आता बॅग रात्रीच बाल्कनीत ठेवते. क्षितिज तर प्रत्येक फोटोत एका बाजूला कललेलं. तेव्हा बाबा तुम्ही आठवलात, घराचा चिरा लावताना प्रत्येक थराला पाणसळ ठेवून बघायचात आणि गवंडी कितीही घाई करू दे, बुडबुडा मधोमध आल्याशिवाय पुढचा चिरा नाही. ट्रायपॉडवर पण तसाच छोटा बुडबुडा असतो, मी आता आधी तो बघते.

तर तो फोटो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय, ऑटोवर होता. ऑटो काय करतो, केशरी दिसलं की त्याला वाटतं दिव्याचा पिवळा उजेड आहे आणि तो सगळं पांढऱ्याकडे ओढतो, म्हणून फोटो अगदी फिका आला होता. घरी येऊन मी लाइटरूम या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेंपरेचरचा स्लायडर उजवीकडे नेला, म्हणजे पिवळेपणा वाढवला, मग सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, मग शॅडोज, म्हणजे सावलीचे भाग वर, आणि रात्री अकरा वाजता तो इतका सुंदर वाटला की तसाच तुम्हाला पाठवला. दुसऱ्या दिवशी उघडला तर स्मारकाची आपल्याकडची बाजू आमरसासारखी केशरी. सूर्य पलीकडे, मग अलीकडची बाजू केशरी कशी असेल? ती सावलीत असते, निळसर राखाडी. मी ती स्वतः उभी राहून बघितली होती आणि तरी मला तेव्हा खटकलं नाही.

डिसेंबरात उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बाबा तुम्ही ओटीवर बसून एकदा हा डोळा झाकायचात, एकदा तो, आणि म्हणालात की एकाने चुन्याची भिंत पांढरी दिसते आणि दुसऱ्याने पिवळट, एवढी वर्षं मी पिवळ्याच भिंती बघत होतो की काय. मला ते ऐकून फार वाईट वाटलं होतं, पण आता वाटतं व्हाइट बॅलन्स मला यापेक्षा सोपं करून कोणीच सांगितलं नसतं. वयाबरोबर डोळ्याचं भिंग हळूहळू पिवळं होतं आणि मनाला त्याची सवय होते. स्लायडरसमोर तासभर बसलं की तेच होतं, केशरीची सवय.

म्हणून आता मी असं करते. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः काही न बदललेला कच्चा फोटो काढते, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर पक्का ठेवते, आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, कमी, 100 वर, आणि एकाच जागेवरून तीन फोटो, एक जरा काळा, एक मधला, एक उजळ, म्हणजे सूर्याजवळचं आभाळ निदान एका फोटोत तरी नुसतं पांढरं पडून जळत नाही. आणि तिथेच फोनवर बोलून ठेवते, सहा पंधरा, कमान राखाडी, वाळू जांभळट, पाण्यावर गुलाबी. एडिट करताना ते ऐकते. कमान एकदम पांढरीफेक पण करत नाही, तेही खोटंच, त्या वेळी तिथे काहीच पांढरं नसतं.

पलीकडच्या ऊरूर कुप्पममधले मच्छीमार त्या वेळी परत येत असतात. आता बहुतेक होड्या फायबरच्या, पण जुन्या लाकडी होडीचा कट्टुमरम हा तमिळ शब्द त्यांचाच, अर्थ बांधलेलं लाकूड. जाळी सोडवणाऱ्या आज्यांचा फोटो मी विचारल्याशिवाय काढत नाही, आणि सध्या कासवांचा हंगाम आहे, आपल्याकडे येतात तीच ऑलिव्ह रिडले, म्हणून अंधारात टॉर्च पण लावत नाही.

दोन प्रिंट कुरियरने पाठवल्यात. एक तो जुना, एक मागच्या रविवारचा. बाबा, दोन्ही ओटीवर दिवसाच्या उजेडात बघा, आधी उजव्या डोळ्याने मग डाव्याने, आणि कुठला बरोबर वाटतो ते मला सांगा. मार्चमधल्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी आठ दिवस येतेय, ड्रॉप्स मीच घालीन. मग दोन्ही डोळ्यांनी परत बघू.

आई, प्रिंट फडताळात ठेवू नकोस, तिथे ओल येते.

तुमची लेक