बाई, त्या राजम्याच्या दाण्याबद्दल

बाई,

पहिल्याच दिवशी तुम्ही सांगितलंत, मला नावाने हाक मारा. जमलं नाही. शिकवणारीला आमच्याकडे बाई म्हणतात, तेच तोंडात बसलंय. मराठीत लिहितेय, कारण मनातलं इंग्रजीत काढायला गेलं की निम्मं वाटेतच सांडतं. मुलगा वाचून दाखवेल तुम्हाला.

परवा अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत झाली. माझा अर्ज जुन्या परीक्षेतला, त्यात दहापैकी सहा प्रश्न बरोबर यावे लागायचे. सहावं उत्तर दिलं आणि ऑफिसरबाईंनी कागद बाजूला ठेवला. पार्किंगमध्ये येऊन मी रडले. अजूनही तुमची आठवण निघाली की डोळे भरतात.

लायब्ररीत तुमच्याकडे येण्याआधी मी पैसे मोजून एका क्लासला जात होते. नाव घेत नाही. तिथले सर फळ्यावर शब्द लिहून एकेकाला उभं करायचे. पाठांतराचं मला भय नाही. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटीला जोडलेलं नागरिकशास्त्र आम्ही असंच घोकलं. पण माझ्या तोंडून 'व्हेटो' आलं तसे सर हसले, मग वर्ग हसला. मराठी पेपरात आयुष्यभर तसंच वाचलं होतं हो! पुढचे दोन महिने मी तिथे तोंड उघडलं नाही. फी मात्र वेळेवर भरली.

तुमच्याकडे बिंगो. म्हणजे आमची भिशीतली हाऊजीच, फक्त आकड्यांच्या जागी अर्थ. एकाने डब्यातली चिठ्ठी काढून शब्द वाचायचा, बाकीच्यांनी कार्डावर त्याचा अर्थ शोधून राजम्याचा दाणा ठेवायचा. तिसऱ्या मंगळवारी तुम्ही डबा माझ्यापुढे सरकवलात. 'अमेंडमेंट' गेला, 'कॅबिनेट' गेला. मग नेमका तोच निघाला. सवयीने 'व्हेटो'च वाचला. कोणी हललं नाही. माझे कान तापले.

तुम्ही दुरुस्त केलं नाहीत. धीरही दिला नाहीत. 'राष्ट्राध्यक्षाने विधेयक नाकारणे' या आपल्या चौकोनात एक दाणा ठेवलात आणि पुढची चिठ्ठी कधी येते म्हणून माझ्याकडे बघत बसलात. शेजारच्या व्हिएतनामी आजोबांनी तुमच्या कार्डात डोकावून "आ!" केलं आणि त्यांनीही ठेवला. पुढच्या डावात चिठ्ठ्या तुम्ही वाचल्यात. तेव्हा तुमच्या तोंडून ऐकला, 'वीटो'. मी गुपचूप बरोबर करून घेतला.

आणि 'सिनेट' निघालं तो दिवस! सहा वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा. मी म्हटलं, ही तर आमची राज्यसभा, फक्त तिथे आमदार मतं देतात. तुम्ही डाव थांबवलात आणि सांगितलंत की 1913 च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत इथेही राज्यांची विधिमंडळंच सिनेटर निवडायची. त्या सरांना मी सहा महिने सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

साताऱ्याला पंगतीत कोणाच्या हातून ताक सांडलं की शेजारचा आपलं पान जरा सरकवून घेतो आणि जेवत राहतो, तिकडे बघतसुद्धा नाही. अशी माणसं सगळीकडे असतात, फक्त ती बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

तुमची राजम्याची बरणी तळाला आलीय, मी पाहिलंय. गावाकडचे चिंचोके आणायचे होते, पण बिया विमानतळावर काढून घेतात म्हणे. मंगळवारी इथल्याच दुकानातले काबुली चणे आणते. राजम्यापेक्षा जरा जास्त घरंगळतात.

तुमची,
मागच्या बाकावरची